कबड्डीच्या सरांच्या पापण्या

दार उघडलं तेव्हा प्रियदर्शनीला आधी त्याचे खांदे दिसले, मग गळ्यातली शिट्टी, मग पापण्या... आणि तिने ओठ घट्ट मिटले. हसणं बरं दिसलं नसतं.

"हसा," तो म्हणाला. "अख्खी आठवी हसून झालीये."

एवढा धिप्पाड माणूस, आणि पापण्या मागे वळून थेट भुवयांकडे निघालेल्या. काही केसांची टोकं आकड्यासारखी वाकली होती. डावा डोळा लाल होता.

"लॅश लिफ्ट? लोशन लावून पापण्या वळवून घेतल्यात?"

"तेच ते. माझी बहीण सोनू पार्लरचा कोर्स करते. सरावाला येणारी मैत्रीण आली नाही, म्हणून मी आडवा झालो. झोपच लागली. आणि तिला आला आईचा फोन..."

"आणि लोशन तसंच राहिलं."

"आमची आई बोलायला लागली की लोशन काय, भातसुद्धा करपतो."

येरवड्याच्या त्या घरात, पुढच्या खोलीत, प्रियदर्शनी पापण्या-भुवयांचं काम करायची. दारावर 'फक्त महिलांसाठी' ही पाटी बाबांनी लावली होती. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. मुलीने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, वाघोलीकडच्या कंपनीत लॅबमध्ये लागली आणि ते सोडून इथे येऊन बसली, हे त्यांना पचलं नव्हतं. ते ओरडत नसत. पाहुण्यांना फक्त सांगत, "लॅबमध्ये असते." प्रियदर्शनीही खोडून काढत नसे.

त्याने पाटी वाचली. "जाऊ का परत?"

आतल्या खोलीतून बाबांचा खोकला आला. मुद्दाम काढलेला. तिने दार पूर्ण उघडलं.

"चपला बाहेर काढा."

त्याचं नाव उत्तरेश्वर. बार्शीकडचा, वाघोलीच्या एका शाळेत कबड्डी शिकवायचा. खाटेवर झोपल्यावर त्याचे पाय बाहेर लोंबत राहिले.

"हा डोळा डॉक्टरांना दाखवलात?"

"दाखवला. थेंब दिलेत. म्हणाले, हे कशासाठी केलंत? म्हटलं, बहिणीसाठी. तर म्हणाले, बहिणीला साडी घेतात हो."

आता मात्र ती हसली. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ.

"सरळ झोपा. आज मी काहीच करणार नाहीये. लोशनने केसातले बंध सुटतात, तेव्हाच केस वळतो. तुमचे नको तितके सुटलेत. आज पुन्हा लावलं तर पापण्या माझ्या हातात येतील."

"मग?"

"आज स्वच्छ करते, टोकांना जरा एरंडेल. केसात दम आला की थोड्या सरळ करू. बाकीच्या नव्या येतील तेव्हा येतील."

"मला घाई नाही हो. सोनूला आहे. तिने क्लास सोडला, बॅग भरून ठेवलीये. गावाला जाते म्हणते. बिघडलेलं नीट होतं, एवढं तिला दाखवायचंय."

प्रियदर्शनीच्या हातातला ब्रश क्षणभर थांबला. दिसण्याची तक्रार नसलेलं गिऱ्हाईक तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"पुढच्या वेळी तिला घेऊन या," ती म्हणाली. "आणि आता डोळे मिटा. तोंडसुद्धा."

सोनू आली. आधी दाराशी रडली, मग प्रियदर्शनीच्या शेजारी उभी राहून दादाच्या पापण्या विंचरायला शिकली. बॅग रिकामी झाली, क्लास पुन्हा सुरू झाला. त्यानंतर पापण्या सरळ करायच्या दिवसापर्यंत उत्तरेश्वरला येण्याचं तसं काही कारण नव्हतं. तो येत राहिला.

"पापणी दुखतेय."

"पापणी दुखत नसते."

"नक्की?"

"केसाला संवेदना नसते."

"मग इथे येईपर्यंत दुखतं आणि आलं की थांबतं, ते काय असतं?"

तिने धुतलेला ब्रश पुन्हा धुवायला घेतला. पाठीमागून तो म्हणाला, "तो स्वच्छ आहे..." आणि तिचे कान तापले.

पापण्या सरळ करायचा दिवस एप्रिलमधला एक रविवार होता. लोशन भराभर वाळू नये म्हणून पंखा बंद, दोघंही घामाघूम. तिने खालच्या पापण्यांवर पट्ट्या चिकटवल्या, वरच्या केसांवर लोशनचा पातळ हात दिला आणि छोट्या कंगव्याने एकेक आकडा उलगडायला लागली. तिचा श्वास त्याच्या कपाळाला लागत होता. तो चक्क गप्प होता.

तेवढ्यात मागच्या दाराने आतल्या खोलीत माणसं आल्याची गडबड झाली, बाबांचा आवाज आला. "जय भीम, जय भीम, या, बसा." पाठोपाठ मधला पडदा सारून शालूआत्या आली.

"अगं, नागपूरची मंडळी आलीत. आधी कळवलं असतं तर तू पळाली असतीस. साडी नेस आणि... हा कोण? पुरुष?"

"आत्या, काम चालू आहे."

"काम ठेव बाजूला. मुलगा इंजिनिअर आहे. तुझ्या बाबांनी लॅब सांगितलीये, तेवढं सांभाळ. लग्नानंतर हे थोडंच करायचंय तुला?"

उत्तरेश्वर मिटल्या डोळ्यांनी हळूच म्हणाला, "जा तुम्ही. मी तोंड धुवून घेईन."

तो तिला वाट करून देत होता. तिला त्याचाच राग आला. इथून उठून ती साडी नेसली असती, तर पुढचं सगळं तिला दिसत होतं. चहाचा ट्रे, लॅबमधलं काम कसं असतं हा प्रश्न, तिचं गोड उत्तर, आणि मग आयुष्यभर तेच उत्तर.

"हलू नका," ती त्याला म्हणाली, आणि हात लांब करून पडदा पूर्ण बाजूला ओढला.

आतल्या खोलीतले सगळे दिसले. मुलगा, त्याचे आईवडील, ताठ बसलेले बाबा.

"जय भीम," प्रियदर्शनी म्हणाली. कंगवा हातातच होता. "मी लॅबमध्ये नसते. लॅब सोडली. हे माझं काम आहे आणि लग्न झालं तरी मी हेच करणार आहे. यांच्या पापण्या बिघडल्यात, अर्धवट सोडता येत नाहीत."

मुलाच्या आईने चष्मा सावरला. "आणि हे कोण?"

"हे कबड्डी शिकवतात. आणि..." तिचा आवाज एकदाच चिरकला. "आणि मला हे आवडतात."

खाट करकरली.

"हलू नका म्हटलं ना!"

मंडळी चहा न घेताच उठली. शालूआत्या त्यांच्यामागे धावली. इंजिनिअर मुलगा मात्र जाता जाता वाकून उत्तरेश्वरच्या पापण्या बघून गेला.

प्रियदर्शनीने लोशन पुसलं, बंध पुन्हा जोडणारं दुसरं लावलं. मनगट त्याच्या कपाळावर टेकवून एकेक पापणी पुन्हा विंचरली.

"बोलू का?" त्याने विचारलं.

"ओठ हलव. पापण्या नको."

"मला आवडतात म्हणालीस, तेव्हा मी दिसत कसा होतो?"

"चिकटपट्ट्या लावलेला."

"आणि तरीही?"

"तरीही." तिने पट्ट्या सोडवल्या. "उघड."

त्याने डोळे उघडले. बऱ्याच पापण्या सरळ झाल्या होत्या. दोन-चार हट्टी केस अजून आभाळाकडे बघत होते. तिला ते एकदम फार आवडले.

दारात बाबा उभे होते.

"मी पाहुण्यांसमोर खोटा पडलो," ते म्हणाले.

"हो बाबा. आणि मी रोज, आपल्याच घरात, खोटी पडत होते."

बाबा दोन पावलं आत आले. मग उत्तरेश्वरकडे वळले. "जात वेगळी आहे. तुमच्या घरी हिचं माहीत आहे?"

"गेल्या आठवड्यात सांगितलं. हिला विचारायच्या आधीच." तो उठून बसला. "आई फोन उचलत नाही. मी रोज लावतो."

"आणि नाहीच उचलला तर?"

"तर आम्ही दोघं गावी जाऊ," प्रियदर्शनी म्हणाली. "आत घेईपर्यंत दारात उभे राहू."

"अजिबात नाही." बाबांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच असा चढला होता. "कुणाच्या दारात उभं राहायला तुला वाढवलं नाही. बसायला पाट मांडणार असतील तर जा. नाहीतर त्यांना म्हणावं, इकडे या. आमच्या घरात या, आमच्या हातचं पाणी प्या, मग बोलू."

उत्तरेश्वर खाटेवरून उतरला. "येतील," तो म्हणाला. "मी घेऊन येतो."

प्रियदर्शनीने बाबांच्या देखत त्याचा हात धरला. लोशनने चिकट झालेला तिचा, घामाने ओला त्याचा. बाबांनी त्या हातांकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि समोर बसले.

"बसा दोघंही," ते म्हणाले. "मला अजून बरंच विचारायचंय."