विहिरीवरची बिनदाण्याची जागा

"निवळ पाणी, गार पाणी, लेक निघाली पल्याड गो..."

आई गायची. आवाज बारीक, वाऱ्यानं चिरलेल्या केळीच्या पानासारखा. ती गेली तेव्हा बेसिल सहा वर्षांचा होता, इलेन अंगावर पीत होती. आवाज राहिला तो एकट्या बेसिलपाशी.

ही गोष्ट खरी आहे. कोलशेतची. या जानेवारीतली, इलेनच्या लग्नाच्या आदल्या दिवशीची, दिवेलागणीची. बेसिल लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो, पण आजही त्या वेळेला तो कॅमेरा उघडत नाही.

उंबराचं पाणी आणायला बायका बॅन्ड लावून विहिरीवर निघाल्या होत्या. नवरीच्या आंघोळीचं पाणी.

"नवरी कशाला गो विहिरीवर?" थेल्मा मावशी ओरडली. आईमागं दोघांना तिनंच वाढवलेलं.

"माझ्याच आंघोळीचं ना? मग मी येणार!" इलेन हसली.

"आणि तू रे, मला गोरी दाखव," मावशी शूटिंग करणाऱ्या बेसिलकडे वळली.

"त्याला मोठा सेन्सर लागतो, मावशी."

"मग आण की! नुसता सायबासारखा बोलतो."

मोठा कॅमेरा उद्याच्या चर्चसाठी चार्जिंगला होता. हातात होता जुना, नखाएवढ्या सेन्सरचा. सेन्सर छोटा, की उजेड कमी गोळा होतो. अंधारलं की कॅमेरा आहे तेवढाच उजेड ताणत बसतो, आणि चित्रभर रवा सांडल्यासारखे दाणे नाचतात. लेन्सवर झाकण लावलं तरी नाचतात.

घरी येऊन बेसिलनं खोलीतला दिवा मालवला आणि शूटिंग लावलं.

दाणे होते. विहिरीवर, बायकांवर, आभाळावर.

फक्त इलेनच्या शेजारी... नव्हते.

एक जागा. स्वच्छ काळी. बाईच्या उंचीची.

सेन्सर गेला असेल, त्यानं स्वतःला समजावलं. पण सेन्सरचा डाग चौकटीत एकाच कोपऱ्याला चिकटून राहतो. इथं इलेन उजवीकडून डावीकडे गेली...

आणि ती जागा तिच्या मागोमाग गेली.

इलेन घागरीशी वाकली.

तीही वाकली.

मग बॅन्ड थांबला. बायका गप्प झाल्या. त्या शांततेत कुणीतरी गुणगुणत होतं...

"लेक निघाली पल्याड गो..."

आईचंच गाणं. पण आवाज जाड. ओला. तळातून आल्यासारखा.

हा आईचा आवाज नव्हता.

बेसिलनं जुना कॅमेरा चालू केला, लेन्सवर झाकण लावून पाहिलं. सगळीकडे दाणे. कॅमेरा ठणठणीत होता.

झाकण काढलं, तोच दार लोटलं गेलं.

"दादा, जेवायला चल ना. सगळे खोळंबलेत."

कॅमेरा दाराकडेच होता. बेसिलची नजर स्क्रीनवर गेली.

दारात इलेन. दाण्यादाण्यांची.

आणि तिला खेटून...

"इलेन." त्यानं कॅमेरा खाली केला. "विहिरीवर तुझ्या बाजूला कोण होतं?"

तिचं हसू मावळलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तुलापण दिसली?"

"कधीपासून?"

"साखरपुड्यापासून. रोज गाते माझ्यासाठी. मला कुठे ठाऊक आईचा आवाज, दादा? मला वाटलं, आईच."

स्वयंपाकघरातून मावशीची हाक आली.

"अजून काय?" बेसिल म्हणाला. "काहीतरी लपवतेस तू. सांग."

इलेननं मान खाली घातली.

"सासरी एकटीनं जायची भीती वाटत होती रे. म्हणून आज पाणी काढताना तिला म्हटलं... उद्यापासून माझ्यातच राहा."

तिनं बाजूला पाहिलं.

"हो म्हणाली ती."