चार वाजून दहा मिनिटांचा मेसेज

फोन वाजला. ‘साइट बंद पडली आहे. ४:१०.’ काजल आतल्या खोलीतल्या कंप्यूटरपाशी काही वेळ खटपट करून बाहेर आली, तोच दारात भूपेशची मोटरसायकल थांबली.

“सहा मिनिटांत? लोणखेड्याहून सारंगखेडा?”

“गाडी चांगली आहे, मॅडम,” तो हसला... आणि हेल्मेट काढायचं विसरून तिच्याकडे बघत राहिला.

बेबीबाईंच्या बचत गटाची मिरची पूड या साइटवरून विकली जायची. भूपेशनंच ती बनवली होती आणि खर्च नको म्हणून गटाच्या जुन्या कंप्यूटरवर ठेवली होती. ती बंद पडली की काजलला आणि त्याला एकाच वेळी मेसेज जायचा. पुन्हा सुरू करायचा पासवर्ड मात्र त्याच्याकडेच.

बेबीबाईंची पुतणी काजल त्यांच्याच घरी राहून कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. आलेले पाच मेसेज तिनं वहीत मांडले. सगळे मंगळवार-शुक्रवारचे, सगळे चार-दहाच्या आसपास. दर वेळी भूपेश हजर, दर वेळी चहा. मेसेज आला की आपली नजर आधी खिडकीकडे धावते, हे तिनं लिहिलं नव्हतं.

“तोच बंद करस, तोच सुरू करस,” बेबीबाई म्हणाल्या. “शनिवारपावत सांग, काजल. नही तं त्याले काढी टाकसूत.”

शंका तिलाही होती. म्हणून तर ती इतकी टोचत होती.

गुरुवारी तिनं फोन केला. “उद्या मी नंदुरबारला जातेय. घरी नसेन.”

“बरं...” तो म्हणाला.

आपण नसताना साइट चालू राहिली, तर बंद करणारा हाच. साधा प्रयोग.

शुक्रवारी ती घरातच, कंप्यूटरसमोर बसली. चार वाजले. मेसेज यावा, असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं. मंगळवार-शुक्रवारी सहाला कुरिअरची गाडी यायची, म्हणून मागच्या शेडमध्ये गटातल्या रमिलाबाईंनी ऑर्डरची मिरची दळायला घेतली. चक्की घुरघुरली, दिवा मंद झाला... आणि कंप्यूटर बंद पडला.

फोन वाजला.

काजल एकटीच हसत सुटली. साइटवर आलेल्या ऑर्डरच साइट बंद पाडत होत्या!

बाहेर मोटरसायकल थांबली. सहा मिनिटं. तिचं हसू तिथंच थांबलं.

“तुम्ही... नंदुरबारला गेला होता ना?” भूपेश गडबडला.

“चक्कीचं तुम्हाला माहीत होतं?”

“...दुसऱ्या वेळेपासून.”

“आणि सहा मिनिटं?”

“तापीच्या पुलाजवळ टपरी आहे. चारला येऊन बसतो...” मग त्याची नेटकी मराठी सुटलीच. “सांगी देतू तं मेसेज बंद व्हयी जातात, काजल. मंग मी कोनता तोंडे येतू?”

“आज तर मी नव्हते.”

“तरी उनू. सवय व्हयी गयी.”

आपण नसतानाही तो आला होता. तिचे कान तापले. “काकूला सगळं सांगणार आहे. चक्कीचं आणि टपरीचंही.”

“काढी टाकतीन मले.”

“त्याआधी कंप्यूटरला बॅटरी बसव,” ती म्हणाली—आणि आपण त्याला ‘अहो-जाहो’ करायचं सोडल्याचं तिच्या मागाहून लक्षात आलं.

शनिवारी बेबीबाईंनी त्याला भरपूर झापलं, पण ठेवलं. मंगळवारी चक्की घुरघुरली, दिवा मंदावला, साइट चालूच राहिली. फोन गप्प.

चार-दहाला काजलनं स्वतःच मेसेज लिहिला. ‘साइट चालू आहे. चहा घरी मिळेल.’

ती घड्याळ बघत दारात उभी राहिली. आज तो चार मिनिटांत आला.