मागचा माणूस

"मागचा माणूस फार ओढतो हो," पाहुण्या आलेल्या दोघी बहिणींतल्या थोरलीने कुरकुर केली आणि ओल्या बुटातून पाय उपसायला लागली. "जरा कुठे रेंगाळलं की खेच, जरा थबकलं की खेच. मी काय म्हैस आहे?"

"म्हैस एवढी बोलत नाही," धाकटी म्हणाली. "टाच धर. टाच. हं, आता ओढ."

दाराजवळच्या त्या अरुंद खोलीत बुटांचा, ओल्या लोकरीचा आणि तापलेल्या लोखंडी शेगडीचा मिळून एकच वास भरून राहिलेला असे. भिंतीला लागून बाक, बाकाखाली बुटांची रांग, वर खुंट्यांना पाहुण्यांसाठी ठेवलेले जाड कोट. वहिनी कोरडे मोजे वाटत होती. बहिणींपाशी आल्यावर तिने हातातली जोडी उलगडली, उगाच पुन्हा गुंडाळली आणि थोरलीच्या मांडीवर ठेवली.

"सांगते हं त्यांना," ती म्हणाली. "जरा हलक्या हाताने धरा म्हणून."

सांगायचं कुणाला, एवढाच प्रश्न होता. मागे माणूस नव्हता.

हिवाळा लागला की त्या घरात पाहुणे यायचे. पहिल्या दिवशी ते तिला 'अहो बाई' म्हणत आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गावासारखे वहिनी म्हणायला लागत. त्यांना उतारावर घसरगाडीत बसवायचं, पडले की उठवायचं, पुन्हा बसवायचं. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून त्यात गळ सोडून द्यायचा आणि शेजारी एक स्टूल ठेवायचं. नुसतं भोकाकडे बघत बसायला माणसं इतक्या लांबून येतात, याचं सासूबाईंना इतक्या वर्षांनीही नवल वाटे. "घरात बघायला भोकं नाहीत का यांना?" त्या म्हणायच्या.

पण पाहुणे खरे यायचे ते तळं पायी ओलांडायला. अलीकडच्या धक्क्यावरून पलीकडच्या जुन्या पाणचक्कीपर्यंत बर्फावरून चालत जायचं, तिथे गरम सूप प्यायचं, शेगडीपाशी गाल लाल करून घ्यायचे आणि परत यायचं. वाट दाखवायला बर्फात काठ्या रोवलेल्या असत, प्रत्येक काठीला लाल चिंधी. तरीही तळ्यावर धुकं असं उतरायचं की आपलाच हात दुसऱ्याचा वाटावा. म्हणून दोर. दोराला थोड्या थोड्या अंतरावर गाठी, प्रत्येकाने एक गाठ धरायची आणि सोडायची नाही. पुढच्या गाठीला घरचं माणूस, शेवटच्या गाठीलाही घरचं माणूस. निघताना, आणि मग प्रत्येक काठीपाशी, पुढच्याने एक झटका द्यायचा. मागच्याने उलट एक झटका द्यायचा. म्हणजे सगळे आहेत, चला. लग्न होऊन आल्यापासून वहिनी पुढे असे आणि तिचा नवरा मागे. घरात दोघांचं जेवढं बोलणं व्हायचं त्याहून जास्त त्या दोरावरून झालं असेल.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी, पाहुणे निघून गेल्यावर, तो काठ्या काढायला एकटाच तळ्यावर गेला. घसरगाडी सापडली. तिच्यावर काठ्या नीट रचलेल्या होत्या, चिंध्या सोडवून घड्या घातलेल्या. तो सापडला नाही. बर्फ वितळल्यावर होड्या फिरल्या, लांब बांबूंनी तळ ढवळला, शेजारच्या गावचे पाणबुडेही आले आणि हळहळून गेले.

घरात कुणी तो शब्द काढला नाही. सासूबाई 'ते झाल्यापासून' म्हणायच्या. भावजी, म्हणजे तिचा दीर, 'दादा नाही म्हटल्यावर' एवढंच म्हणून पुढचं वाक्य गिळायचा. वहिनी काहीच म्हणायची नाही. ती आधणं ठेवायची, चादरी बदलायची, रडायला आलेल्या बायकांना चहा करून द्यायची. तिला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. चिमट्याऐवजी हाताने निखारा उचलला तेव्हा भावजी ओरडला. हात भाजल्याचं तिला वासावरून कळलं.

मग या हिवाळ्यात तळं पुन्हा गोठलं, पाहुणे आले, आणि पहिल्याच फेरीला तिच्या हातून ते घडलं.

माणसं कमी पडत होती. पलीकडची शेगडी पेटवायला भावजीला पुढे जावं लागायचं, त्यामुळे शेवटची गाठ तशीच लोंबती सोडायची ठरली होती. धक्क्यावर पाहुण्यांची रांग लागली आणि वहिनीने नेहमीची सूचना द्यायला तोंड उघडलं. इतक्या वर्षांची ती सूचना, झोपेतही बिनचूक आली असती. गाठ सोडायची नाही, बोलत राहायचं, थकलं की सांगायचं. आणि शेवटी, जसं दर वेळी यायचं तसंच, "घाबरू नका, मागे आमचे हे आहेत."

भावजी घसरगाडीचा पट्टा आवळत होता. त्याचे हात थांबले. दारात उभ्या सासूबाईंनी शाल सारखी केली. दोघांनी ऐकलं. चार परक्या माणसांसमोर ते वाक्य कसं मागे घ्यायचं हे वहिनीला सुचेना. ती वळली आणि सवयीने दोराला एक झटका दिला.

उलट एक झटका आला.

शेवटच्या पाहुण्याने दिला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने सूचना मुद्दामच पूर्ण दिली. तिसऱ्या दिवशी, ती द्यायची वेळ कधी येते याची वाट बघत ती उठली. तो झटका तिला ओळखीचा होता. आधी किंचित सैल, मग मनगटातून. दिवसभरात तिला जाणवणारी तेवढी एकच गोष्ट होती.

संध्याकाळी दोर सुकवायचं काम सासूबाईंचं. शेगडीवरच्या तारेवर त्या तो वेटोळी करून टाकत. सगळा दोर कोरडा ठणठणीत असायचा आणि शेवटचं हातभर टोक भिजलेलं, काचेसारखं कडक. सासूबाई ते टोक आगीच्या जरा जवळ घ्यायच्या, बस. एके सकाळी वहिनीने बघितलं तर शेवटच्या गाठीला मऊ लोकर गुंडाळून टाके घातलेले होते.

"हे कशाला, आई?"

"रुततं ना," सासूबाई म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

बहिणी आल्या त्या आठवड्यात थंडी जराशी मोडली. बर्फ अजून जाड होता, पण भावजी रोज गिरमिटाने भोकं पाडून बोटांनी मापत होता. तळ्याच्या एका अंगाला ओढा येऊन मिळतो, तिथे पाणी आतून वाहतं राहायचं आणि बर्फ नेहमीच पापडीसारखा पातळ. काठ्यांची रांग त्या जागेपासून चांगली लांबून जायची. थोरलीने बूट उपसताना कुरकुर केली त्याच दुपारी भावजीने वहिनीला माडीवर बोलावलं आणि खिडकीची वाफ बाहीने पुसली.

"बघा."

धुकं घटकाभर फाटलं होतं. काठ्या सरळ रेषेत उभ्या होत्या. पाहुण्यांच्या पावलांची वाट मात्र काठ्यांपाशी नव्हती. धक्क्यावरून ती सरळ निघाली होती, मग हळूहळू कलली होती, ओढ्याच्या तोंडाकडे पोट काढून पुन्हा चक्कीकडे वळली होती. आदल्या दिवशीची वाट तिच्या अलीकडे, काठ्यांच्या बाजूला होती. त्याच्या आदल्या दिवशीची आणखी अलीकडे.

"मी तर काठीवरून काठीवर जाते," वहिनी म्हणाली. "दर काठीला हात लावून."

"लावत असाल." भावजी काचेकडेच बघत होता. "उद्या मी मागे येतो."

"आणि पलीकडे शेगडी कोण पेटवणार? कुडकुडत बसतील सगळे."

"बसू देत. वहिनी, तुम्ही ते सूचनेत शेवटी जे म्हणता ना…"

"काय म्हणते?"

त्याने बराच वेळ बाहीने आधीच स्वच्छ असलेली काच पुसली. "काही नाही," तो म्हणाला. "जपून जा."

तिला कळलं होतं तो काय म्हणणार होता. ते वाक्य गाळायचं, एवढंच करायचं होतं. आणि मग झटका द्यायचा, आणि उलट काही येणार नाही. तिने ते मनात करून बघितलं. पुढे तिला काही दिसेना.

दुसऱ्या दिवशी धुकं फाटायचं नाव घेईना. शेवटी शेगडी पेटवायला भावजीच घसरगाडी ओढत आधी निघून गेला होता. बहिणी, एक दातांचा डॉक्टर, त्याची बायको, आणखी दोघे-तिघे, सगळ्यांनी गाठी धरल्या. थोरली सावकाश चालायची म्हणून कायम शेवटी.

"ऐका ना," तिने वहिनीला बाजूला घेतलं. आवाज खाली आणला. "काल उगाच बोलले मी. बिचारे चांगले आहेत. परत येताना मी मागे हात करून खोकल्याची गोळी दिली, तर घेतली त्यांनी. पण हात केवढा गार हो. हातमोजे द्या ना त्यांना."

"देते," वहिनी म्हणाली.

धक्क्यावर उभं राहून तिने सूचना दिली. गाठ सोडायची नाही. बोलत राहायचं. थकलं की सांगायचं. ती थांबली. दारातून सासूबाई तिच्याकडे बघत होत्या.

"घाबरू नका," वहिनी म्हणाली. "मागे आमचे हे आहेत."

झटका. उलट झटका.

पहिली काठी आली, दुसरी आली. मागे डॉक्टर कुणाच्या तरी अक्कलदाढेची गोष्ट सांगत होता आणि धाकटी हसत होती. पायाखाली बर्फ करकरत होता. पुढच्या काठीला तिने हात लावला, झटका दिला. उलट आलेला झटका लांबला. सुटला नाही. तसाच ताणून राहिला, जराशा एका बाजूने, माणूस रस्ता दाखवताना दंडाला धरतो तसा. ती त्या बाजूला गेली. विचार करून गेली नाही. इतकी वर्षं गेली तशी गेली.

पुढची काठी येईना.

करकर थांबली होती. बर्फ आता मऊ, पोकळ वाजत होता. त्यावर पाण्याचा पातळ थर होता आणि तिच्या बुटांखाली, खोल कुठेतरी, काहीतरी वाहत होतं.

"वहिनी, आलं का?" डॉक्टरच्या बायकोने विचारलं.

"थांबा सगळे," वहिनी म्हणाली. "जागचं हलू नका. गाठी सोडू नका."

ती दोर धरून उलट निघाली. डॉक्टर. त्याची बायको. धुक्यातून एकेक चेहरा समोर येई, ओळखीचं हसे आणि मागे पडे. धाकटी आता हसत नव्हती. बर्फाने एक बारीक आवाज केला, कपडा फाटल्यासारखा, आणि गप्प झाला.

थोरली आपली गाठ दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती. तिच्या मागे दोर धुक्यात गेला होता.

तो लोंबत नव्हता. बर्फावर घासत नव्हता. कमरेइतक्या उंचीवर, सरळ, ताठ, तो ओढ्याच्या तोंडाकडे गेला होता आणि हातभर अंतरावर धुक्यात संपत होता. तिथून पाण्याचे थेंब एकेक करून दोरावर ओघळत येत होते.

वहिनीने तो धरला. हातमोजा काढून धरला.

ओढ हलकीच होती. घाई नव्हती तिच्यात. चल, एवढंच. तिच्या बोटांना गार लागलं. कितीतरी महिन्यांनी लागलं, आणि इतकं लागलं की डोळ्यांत पाणी आलं. चार पावलं होती फार तर. मागची सगळी माणसंही गाठी न सोडता तिच्यामागून आली असती. तिनेच सांगितलं होतं त्यांना.

"वहिनी," थोरली कुजबुजली. "कोण आहे हो मागे?"

वहिनीने तोंड उघडलं. ते वाक्य जिभेवर तयारच होतं.

"कोणी नाही," ती म्हणाली.

दोर किंचित थरथरला.

"मागे कोणी नाही. मी रोज खोटं सांगते." तिचा आवाज चढला नाही. ती थोरलीकडे बघत नव्हती. दोर जिथे संपत होता तिकडे बघत होती, आणि सांगतही तिकडेच होती. "आमचे हे मेले. मागच्या हिवाळ्यात. इथेच बुडून मेले."



मग ओढ सुटली आणि दोराचं ते टोक खाली आलं. पडलं नाही. कुणीतरी वाकून, आवाज होऊ नये म्हणून जपून ठेवावं, तसं हलकेच बर्फावर टेकलं.