जनान्याच्या पडद्याची दोरी

धाराशिवची ती दगडी टॉकीज निजामाच्या अमदानीतली. कमानीवर चुन्यातले द्राक्षांचे घड, वर पत्रा आणि बाजूला भिंत घालून बायकांसाठी काढलेला जनाना, दारसुद्धा बोळातून वेगळं. जनान्यापुढं जाड पडदा असे. दिवे गेले की तो उघडायचा, दिवे लागायच्या आत पडायचा. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून पलीकडं जायची, आणि ती ओढायला फकरुद्दीन होता.

१९५८ सालच्या एका शुक्रवारी तीनचा खेळ सुरू झाला तरी पडदा हलेना. भोकाशेजारी बसलेली नूरुन्निसा, जैनोद्दीन मणेरांची धाकटी, वैतागली.

"अहो दोरीवाले, झोपलात का?"

"दोरी अडकली हाय... तिकडनं जरा ओढता का?"

"म्हणजे तिकीट आम्ही काढायचं आन् पडदा बी आम्हीच ओढायचा?"

पलीकडं हसू फुटलं. त्या हसण्यात नूरू अडकली ती अडकलीच. मग दर शुक्रवारी दिवे जायच्या आधीची चार मिनिटं त्या दोघांची झाली.

"मालक बाल्कनी करणार हायत. ईद झाली की ही भिंत पाडतील," एकदा तो म्हणाला. "मग दिसाल तुम्ही."

"आन् न्हाय आवडले तर?"

"मला आवाज आवडलाय... नाव तरी सांगा."

खरं नाव सांगायची भीती, आणि थट्टेची हौसही. तिनं घरी भाकऱ्या थापत बसलेल्या थोरल्या बहिणीचं नाव ठोकून दिलं.

"जैनबबी. मणेरांच्या घरची."

पुढच्या शुक्रवारी खरं सांगू, असं तिनं ठरवलं होतं. पण मंगळवारीच फकरुद्दीनची आई लग्नाचा पैगाम घेऊन दारात आली. जैनबबीसाठी!

सगळं सांगून टाकायचं म्हणून नूरू चुलीपाशी धावली. दोनदा ठरलेलं लग्न मोडलेली, सव्विशी गाठलेली जैनबबी तिथं पदरात तोंड लपवून हसत होती. इतक्या वर्षांत ती अशी हसली नव्हती.

"नूरू, माझं नाव घेऊन मागणी घातली गं त्यांनी... तू बघितलंस का त्यांना, टॉकीजात?"

"न्हाय," नूरू म्हणाली. ते मात्र खरं होतं.

निकाहाच्या दिवशी मेहुणीनं नवरदेवाचे जोडे लपवून त्याला सतवायचं असतं. नूरूनं जोडे लपवले, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. बायका म्हणाल्या, जीभ गिळली का हिनं?

ईद झाली, भिंत पडली. जैनबबी नवऱ्याबरोबर माहेरी आली तेव्हा दोघी बहिणी स्वयंपाकघरात बसल्या.

"माणूस लई भला हाय," जैनबबी हळूच म्हणाली. "रोज म्हणतात, पहिल्यासारखं बोल की. पहिल्यासारखं म्हणजे कसं गं? मी बोलले की मग गप्पच बसतात... नूरू, माझा आवाज वाईट हाय का?"

नूरूनं नुसती नकारार्थी मान हलवली. बाहेर ओसरीवर फकरुद्दीन चहा पीत बसला होता, आणि मधलं दार उघडं होतं.