डायरेक्ट केलेल्या तारा

शहाऐंशी सालचा मे महिना होता. कुरखेड्याच्या श्रीहरी डॉक्टरांची गाडी दोन वर्षांपासून शेडमध्ये बंद होती. ती चालू करून द्यायची, म्हणून बाबा निघाले आणि मलाही सोबत घेतलं. बाबा मोटारींचं वायरिंग करतात. ती गाडी जुनी, विलायती, क्लच नसलेली. तिचं इंग्रजी पुस्तक वाचून मराठीत सांगायचं काम माझं.

दुसऱ्या दिवशी वरोऱ्याचे एक व्यापारी गाडी नेणार होते. डॉक्टर ओसरीवर बसून राहिले, शेडकडे आले नाहीत. कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यांचा ड्रायव्हर वारलू डिकीत सामान ठेवत असताना डॉक्टरांनी किल्ली फिरवली. गिअर रिव्हर्सला राहिला होता. गाडी उसळून मागे गेली आणि वारलू भिंतीशी चेपला. डॉक्टरांनी कधी नाही म्हटलं नाही. फक्त त्या दिवसापासून दवाखाना उघडला नाही.

टिनाच्या शेडमध्ये भर दुपारीही अंधार होता. बाहेर वाळत घातलेल्या तेंदूपत्त्याचा वास आत भरला होता. मी वाचून दाखवलं, "गिअरच्या दांड्याशी एक स्विच असतो. गिअर न्यूट्रलला असला तरच तो स्टार्टर फिरू देतो. रिव्हर्स टाकला की मागचा पांढरा दिवाही तोच लावतो."

बाबांनी पिशवीतून नवा स्विच काढून दांड्याशी बसवला. बराच वेळ ते तारा जोडत राहिले.

"मांगं जाय. भिंतीपाशी नको, बाजूनं उभी राह्य. दिवा लागला का सांग. अन् जरा मोठ्यानं वं, वर्गात पयला नंबर अन् आवाज मुंगीचा!"

दिवा लागला. सांगायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात भिंतीजवळून थकलेला आवाज आला. "लागला, भाऊ."

"बरं," बाबा म्हणाले. मग त्यांचा हात थांबला. "कोन होतं वं?"

"मी नाई बोलली, बाबा..."

भिंतीजवळ कोणीच नव्हतं. बाबांनी घाम पुसला. आता त्यांना काम आटपून निघायचं होतं. पण गिअर न्यूट्रलला असूनही स्टार्टर फिरेना. स्विच जागेवर नीट बसला नव्हता. बाबांनी खिशातून तारेचा तुकडा काढला आणि दातांनी टोकं सोलली.

"स्विच सोडून तारा डायरेक्ट करून देतो."

"मग कोणत्याही गिअरला गाडी सुरू होईल ना, बाबा?"

बाबा तार घेऊन स्टार्टरच्या जोडणीवर वाकले.

"पुन्हा डायरेक्ट करून राह्यले का... भाऊ?"

यावेळी आवाज अगदी जवळ होता. तारेचा तुकडा बाबांच्या हातातून पडला.

"पुन्हा म्हणजे?" मी विचारलं.

बाबा उकिडवे बसले. "त्या वक्ती मीच केलं होतं. वारलू म्हणे, नवा स्विच बसवून द्या. म्या म्हनलं, चालते रे."

मग त्यांनी स्विच ढिला केला, सरकवला, पुन्हा कसला. रिव्हर्समध्ये किल्ली फिरवली. गाडी गप्प. न्यूट्रलला फिरवली, स्टार्टर फिरला. तीनदा तपासून ते ओसरीवर गेले. मी मागोमाग.

"डॉक्टरसाहेब, वारलूचा जीव तुमच्या हातानं नाई गेला. तारा म्या जोडल्या होत्या. स्विच असता तर तुमच्या किल्लीनं गाडी हललीच नसती. दोन सालं तुमच्यावर बोल येऊ देला... मी गप्प राह्यलो."

मला वाटलं, डॉक्टर ओरडतील. किंवा रडतील. त्यांनी आधी शेडकडे पाहिलं, मग आवाज अगदी खाली आणला.

"सोमाजी, मी गाडीत नव्हतोच. कोणीच नव्हतं. इथीच बसलो होतो, या खुर्चीवर."

"मंग... सांगितलं काऊन नाई?"

"कोणाले सांगू? कोणी मानलं असतं?" त्यांनी खिसा चाचपला. "किल्ली तवा माझ्या खिशात होती."