टिटवीची चकती

"माझ्या भावाने एका दुकानात फोटो लावलाय," समोरची बाई म्हणाली. "आणि भाऊ जाऊन पंचवीस वर्षं झालीत."

इन्स्पेक्टर बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. ठाण्यात सकाळी सकाळी येणारी माणसं बहुतेक रात्रभर झोपलेली नसतात, हे त्यांना ठाऊक होतं. ही बाई मात्र कित्येक वर्षं झोपली नसावी.

ती औषधांच्या दुकानात कामाला होती. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, तेव्हा आपणही ताईच म्हणू.

ताईने मोबाइल पुढे केला. पडद्यावर दुकान होतं, पण नुसतं इंटरनेटवरचं, ना दार ना गल्ला. कधीच बंद पडलेले जुने कॉम्प्युटर गेम ते लोक नव्या मशीनवर चालतील असे करून विकत. ताई दरवर्षी भावाच्या वाढदिवसाला त्याच्या आवडत्या खेळाचं नाव शोधायची. समुद्र, वादळ आणि विझलेलं दीपगृह असा काहीसा खेळ होता. आजवर हाती काही लागलं नव्हतं. यंदा हे दुकान लागलं.

"घेतलात खेळ?"

"घेतला. मला ओ की ठो कळत नाही त्यातलं, पण घेतला. सोबत हा फोटो आला."

फोटोत पुठ्ठ्याची चकती होती. एकावर एक बसवलेले दोन गोल, काठाला चंद्र, नांगर, मासा अशी चित्रं. खेळ सुरू होताना दोन चित्रं दाखवायचा. चकती फिरवून ती जुळवायची आणि खाचेत दिसेल तो आकडा टाकायचा, तरच खेळ उघडे. चोरून कॉपी करणाऱ्यांना वेसण घालायची ही त्या काळची युक्ती. या चकतीच्या मधोमध मात्र खिळा नव्हता. तिथे निळं बटण होतं, हिरव्या दोऱ्याने शिवलेलं.

फोटोखाली पाठवणाऱ्याचं नाव होतं: टिटवी.

"त्याला आम्ही टिटवी म्हणायचो," ताई म्हणाली. "तोंडाला खंड नव्हता ना. आता याच्या खालचं वाचा."

दुकानाने सगळ्या गिऱ्हाइकांना एक प्रश्न विचारला होता: आमचं दुकान तुम्हाला पहिल्यांदा कसं सापडलं? उत्तरांचा पाऊस पडला होता. कुणाला ऑफिसातल्या मित्राने सांगितलं होतं, कुणाला पाय मोडून पडल्या पडल्या सापडलं होतं. एकाला बायकोसाठी भेटवस्तू शोधताना सापडलं, आणि बायको अजून त्याच्याशी धड बोलत नव्हती. टिटवीचं उत्तर एका ओळीचं होतं.

'मला हे दुकान माझ्या मेलेल्या मित्राने दाखवलं.'

इन्स्पेक्टर बाई भुताखेतांच्या वाटेला जात नसत. तरी ती ओळ त्यांनी पुन्हा एकदा वाचली.

"त्या दिवशी काय झालं होतं?"

"आईशी भांडण. परीक्षा तोंडावर आणि हा चकती घेऊन खेळायला निघालेला. आईने ती हिसकावली, तशी खिळा निघून दोन तुकडे झाले. मग आईलाच वाईट वाटलं. त्याच्या शाळेच्या शर्टाचं बटण कापून तिने चकती शिवून दिली. सुई मी ओवली. हा तोंड फुगवून बसला होता. चकती उचलली आणि एक शब्द न बोलता गेला."

"कुठे?"

"मित्राकडे. कॉम्प्युटर त्याच्या घरी होता. पण तो तिथे पोचलाच नाही. संध्याकाळी कालव्यात सापडला. पुलावर चपला होत्या, शेजारी शेजारी, नीट लावलेल्या."

"नीट?"

"तेच तर. आई म्हणते, चपला काढून ठेवल्या म्हणजे ठरवून गेला. ती आता अंथरुणाला खिळलीय, डॉक्टरांनीही हात टेकले. माझ्यामुळे पोराने जीव दिला, एवढंच बोलते. मॅडम, हेच उरात घेऊन ती गेली तर..."

"चकती त्याआधी कधी मित्राकडे राहिली असेल."

"शक्य नाही. खेळाची फ्लॉपी मित्राकडे, चकती याच्याकडे, असा दोघांचा करार होता. एकट्याने कुणी खेळायचंच नाही. आणि बटण तर त्याच दुपारी लागलं."

इन्स्पेक्टर बाईंनी जुनी फाइल मागवली. मित्राच्या वडिलांचा जबाब दोन ओळींचा होता: मी दिवसभर घरी होतो. तो मुलगा आमच्याकडे आला नाही.

टिटवी कोण, हे दुकानाने दुपारपर्यंत कळवलं. तो मित्रच होता. आता दातांचा डॉक्टर झाला होता आणि कालव्याकाठच्या त्याच घरात राहत होता. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड.

"हो, मीच टिटवी," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाला. "म्हणजे नाव त्याचं, मी उसनं घेतलं. काही चुकलं का?"

"दुकान पहिल्यांदा कसं सापडलं तुम्हाला?"

"एका पेशंटमुळे. दाढ बधिर केली होती, बोलता येईना, म्हणून बिचारा मोबाइलवर दाखवत बसला. म्हटलं, आमचा खेळ आहे का बघू. तर तिथे लिहिलेलं, हा खेळ आमच्याकडे आहे, पण चकतीशिवाय उघडत नाही, कुणाकडे असेल तर फोटो पाठवा. मी माळ्यावर चढलो. जुन्या कॉम्प्युटरच्या खोक्यात फ्लॉपी होती आणि चकतीही होती. मला वाटलं, त्यानेच बोट धरून नेलं मला."

"चकती त्याच्याकडे असायची ना?"

"असायची खरी. शेवटच्या खेपेला विसरून गेला असेल. बटण बघून मलाही नवल वाटलं."

"तो गेला त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"शिकवणीला. आलो तर बाबांनी कॉम्प्युटर बांधून माळ्यावर टाकलेला. म्हणाले, आता फक्त अभ्यास. मी रुसून जेवलो नाही. मग त्याची बातमी आली. त्यानंतर ते खोकं उघडायची हिंमतच झाली नाही माझी." त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचा प्रयत्न त्याने केला नाही. "फ्लॉपीवर आमचे अर्धवट डाव ठेवलेले आहेत. शेवटच्या डावाचं नाव काही मला उलगडलं नाही. उघडूनही बघवलं नाही."

"त्याची कॉपी द्या मला, आणि ती चकतीही. आणि वर येऊ का?"

वरच्या दाराशी चपलांची रांग होती. एकही वाकडी नाही.

"बाबांची शिस्त," डॉक्टर म्हणाला. "कुणाचीही चप्पल तिरकी दिसली की स्वतः वाकून सरळ करतात. या वयातही."

इन्स्पेक्टर बाईंनी बूट काढून आत पाऊल टाकलं. डॉक्टरचे वडील खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. जुने कंत्राटदार, आता अंगाने पार झिजलेले. मागच्या भिंतीला भलंथोरलं लाकडी कपाट टेकवलेलं होतं.

"काका, घर तुम्हीच बांधलंत?"

"हे, आणि या काठावरची निम्मी घरं."

"कपाट मोठं आहे."

"आहे."

"बाबा ते हलवू देत नाहीत," डॉक्टर म्हणाला. "रंगवाले त्याच्या भोवतीने रंगवून जातात."

म्हाताऱ्याने कपाटाकडे पाहिलंही नाही. आपल्याच घरात एका भिंतीकडे पाठ करून बसलेला माणूस इन्स्पेक्टर बाईंनी पहिल्यांदाच पाहिला.

खाली उतरून त्या पुलावर गेल्या आणि कठड्याला टेकून घराची मागची बाजू न्याहाळत उभ्या राहिल्या. कालव्याचं पाणी काळं आणि संथ होतं. वरच्या मजल्याला, थेट पाण्यावर, एक गॅलरी होती. तिचा कठडा छातीइतका उंच, जाड, बाकीच्या घराशी न जुळणारा. गॅलरीत ना कुंडी, ना वाळत घातलेला कपडा. दरवाजा होता, पण तो आतून दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईला आणि दोन शिपायांना घेऊन त्या परत आल्या. चकती त्यांच्या हातात होती.

"कपाट सरकवा," त्या म्हणाल्या.

शिपायांनी जोर लावला. कपाट करकरलं, आणि मागे गॅलरीचा बंद दरवाजा उघडा पडला. डॉक्टर बघतच राहिला.

"इथे... हो, इथे गॅलरी होती. आम्ही इथूनच एकमेकांना हाका मारायचो. मी विसरूनच गेलो होतो."

"विसरावं म्हणूनच कपाट ठेवलं होतं," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "ताई, माझाही पहिला संशय डॉक्टरांवरच होता. पण ज्याला लपवायचंय तो माणूस चकतीचा फोटो जगभर दाखवत नाही. या बटणाचा अर्थ त्यांना माहीतच नव्हता. बटण लागलं त्याच दुपारी. म्हणजे त्यानंतर चकती या घरात आली, आणि ती तुमच्या टिटवीशिवाय येणं शक्य नव्हतं. तो इथे पोचला होता."

त्यांनी चकती पिशवीत ठेवली.

"कॉम्प्युटर माळ्यावर गेला तो बातमी यायच्या आधी. मग त्याच दिवशी घाई कसली होती? आता चपला. जीव द्यायला निघालेल्याने चपला नीट लावल्या, असं सगळ्यांनी धरलं. मी काल याच दाराशी बूट काढले, तेव्हा कळलं. चपला त्याने घरात शिरताना काढल्या होत्या. परत जाताना घालायला तो राहिलाच नाही. त्या पुलावर कुणीतरी नेऊन ठेवल्या. ज्याला चप्पल वाकडी ठेवताच येत नाही, अशाने."

डॉक्टरने वडिलांकडे पाहिलं. "बाबा?"

म्हाताऱ्याने आपले हात मांडीवर पालथे ठेवले.

"तू येईपर्यंत खेळतो म्हणाला तो पोरगा," तो बोलला. "मी पलीकडे पेपर वाचत होतो. एकदम ओरडला, काका, दिवा लागला. दीपगृहाचा की काय. घाईने काहीतरी टाइप केलं आणि तुला सांगायला गॅलरीत धावला. पुलावरून तू येताना दिसशील म्हणून वाकला. कठड्यासकट खाली गेला. कठडा माझ्याच हातचा. रेतीच जास्त होती त्यात."

"तुम्ही हाक मारलीत कुणाला?" इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं.

"पाण्यात काही दिसेना. आणि तसलेच कठडे मी काठावरच्या सगळ्या घरांना लावले होते. कळलं असतं तर मी संपलो असतो. मग हळूहळू एकेक बदलले, स्वतःच्या खर्चाने."

"आणि चपला?"

"चपला दाराशीच होत्या."

ताई आता त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता.

"काका, तुम्ही आमच्याकडे भेटायला आला होतात. आई तुमच्यासमोर म्हणाली, मी रागावले म्हणून गेला. तेव्हा तुम्ही चहा पीत होतात."

शिपायांनी म्हाताऱ्याला हात देऊन उठवलं. दाराशी आल्यावर सवयीने तो चपला सरळ करायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. शेवटी डॉक्टरने त्याला चपला घालून दिल्या, पण तोंडाकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी ताईच्या घरी, आईच्या पलंगापाशी लॅपटॉप उघडला होता. चकती आता पुरावा होती, म्हणून इन्स्पेक्टर बाई ती स्वतः घेऊन आल्या होत्या आणि दाराशी थांबल्या होत्या. ताईचं आईला सगळं सांगून झालं होतं. आईने ऐकलं होतं, पण माझ्या समाधानासाठी सांगतेस, असं म्हणून तोंड फिरवलं होतं.

पडद्यावर चंद्र आणि नांगर आले.

"आई, एवढं जुळवून दे."

चकती शिवली त्या दिवसानंतर ती पुन्हा आईच्या हातात आली होती. चंद्रावर नांगर बसला, ताईने आकडा टाकला, आणि जुन्या डावांची नावं एकाखाली एक दिसली. सगळ्यात शेवटचं नाव इंग्रजी अक्षरांत होतं, शब्द मराठी: आईबटण.

ताईने ते मोठ्याने वाचलं. मग तो डाव उघडला. काळ्या समुद्रात एक छोटी होडी उभी होती, आणि तिच्यावर दीपगृहाचा दिवा लख्ख पेटला होता.

"हे नाव त्याने ठेवलं?"

"त्यानेच. इथून गेल्यावर."

"म्हणजे रागावला नव्हता."

"नाही, आई."

आई त्या दिव्याकडे पाहत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. मग चकती जवळ धरून तिने अंगठ्याने बटण चाचपलं.

"हिरवा दोरा कसा दिसतोय बघ," ती म्हणाली. "निळा शोधायला हवा होता गं."