सात नंबरचे सोळा श्वास

बसा, पोरींनो. कॉफी घ्या. उद्या तुमची परीक्षा आहे हे ठाऊक आहे मला, पण सरावाच्या खोलीतल्या चौथ्या पलंगावर कोणी पुतळा का ठेवत नाही, हे तुम्हीच विचारलंत. सांगतो. ऐकीव नाही हे. इथला रखवालदार मी, त्या रात्री दार मीच उघडून दिलं होतं.

नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. रात्रीचे नऊ वीस. डार्लीन पिशवी घेऊन आली. कॉलेजचा स्टेथोस्कोप, रक्तदाबाचा पट्टा, ओळखपत्र, सगळं परत करायचं होतं. एकतीस वर्षांची बाई. हमरस्त्यावरच्या खानावळीत दहा वर्षं बशा उचलल्या आणि मग हिंमत करून नर्सिंगला आली. मे महिन्यात नर्स झाल्याची पिन गणवेशावर लागणार होती. आता शुक्रवारी सकाळी चौकशी होती, आणि बहुधा घरचा रस्ता.

झालं होतं असं. त्याच आठवड्यात वृद्धाश्रमात तिच्या वर्गाची शिकाऊ पाळी होती. आपल्या केंटकीच्या डोंगरातले म्हातारे, निम्म्यांची फुप्फुसं कोळशाच्या खाणीत गेलेली. रात्री आठला प्रत्येकाचे श्वास मोजायचे, घड्याळ धरून, पूर्ण एक मिनिट. आकडा आधी मांडीवर, गणवेशाला लावलेल्या पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहायचा आणि मग तक्त्यात. तुमच्याही मांडीवर आहे ती, दिसते मला. त्या रात्री एका आजीला उलट्या सुरू झाल्या, डार्लीन तिथेच अडकली. ट्विला म्हणाली, सात नंबरची खोली मी बघून येते. ट्विला म्हणजे डार्लीनची पहिलीपासूनची मैत्रीण. तिच्याच गाडीतून येणंजाणं, कपडेसुद्धा तिच्याच घरी धुवायचे. पाच मिनिटांत ती परत आली आणि वाकून डार्लीनच्या पट्टीवर तिनेच लिहिलं: ७, श्वास १६. डार्लीनने ते तक्त्यात उतरवलं. खाली सही केली.

हसू नका. कंटाळा आला की सगळेच न मोजता सोळा ठोकून देतात. तुम्हीही.

सात नंबरात हर्शेल होता, जन्मभर खाणीत कोळसा फोडलेला. साडेआठला शिकवणाऱ्या बाई फेरीवर गेल्या तेव्हा तो केव्हाच गार पडला होता. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी सातच्या सुमारास गेला. म्हणजे तक्त्यात मेलेला माणूस आठ वाजता श्वास घेत होता, आणि खाली सही डार्लीनची. ट्विलाने सांगितलं, मी त्या खोलीकडे फिरकलेच नाही. पट्टी कुठे सापडेना, धुण्यात गेली असणार. तरी त्या गुरुवारी डार्लीन तिच्याच गाडीतून आली होती, ट्विला बाहेर गाडीत थांबली होती. ट्विला घाबरलीय बिचारी, डार्लीन मला म्हणाली, उद्या खरं सांगेल. मला तिचा राग आला. इतका भाबडेपणा बरा नव्हे.

ती आत गेली, मी दारातून बघत होतो. सहा पलंग, सहा पुतळे, गळ्यापर्यंत चादरी. पुतळ्यांना श्वास घ्यायला लावणाऱ्या यंत्रांची वायर मी स्वतः काढून ठेवलेली. तिने पिशवी टेबलावर ठेवली.

आवाज आला.

खडीवरून फावडं ओढावं तसा. थांबून... पुन्हा. चौथ्या पलंगावरून.

पळायला हवं होतं. पण हाताची सवय. तिने मनगट वर केलं. घड्याळ पाहिलं. मोजायला लागली.

दहा. वीस. तीस... श्वास घाईने येत होते.

अडतीस.

मग एक लांब... आणि पुढचा आलाच नाही.

तिने चादर खाली ओढली. पुतळाच होता. प्लास्टिकचा, थंड. छातीवर पांढरी चिकटपट्टी. ७, श्वास १६. सातच्या पोटात आडवी रेघ, ट्विला मारायची तशी. आणि आकड्यांवर काळ्या अंगठ्याचा ठसा.

डार्लीन माझ्यासमोरून बाहेर गेली. गाडीत बसली, पट्टी ट्विलाच्या समोर धरली. मी दारात उभा होतो, गाडीची काच खाली होती.

ट्विला बघत राहिली.

"हे कसं..." ती म्हणाली. "मी शेगडीत टाकली होती ही. जळून जाईपर्यंत उभी होते मी."



"धुण्यातून काढून?" डार्लीनने विचारलं.

मग ती उतरली आणि चार मैल चालत घरी गेली. मी सोडतो म्हटलं, तिने नको म्हणून मान हलवली.

शुक्रवारी चौकशीत ट्विलाने डोळ्यांत डोळे घालून पुन्हा तेच सांगितलं. फिरकलेच नाही. मी गाडीतलं सगळं सांगितलं. रखवालदाराचं कोण ऐकतं? चौकशीवाले डार्लीनला म्हणाले, पट्टी कुणीही लिहील, तक्त्यावरची सही तुमची आहे. ते खोटं नव्हतं, हेच जास्त लागलं तिला. मे महिन्यात ट्विलाला पिन मिळाली. डार्लीन खानावळीत परत गेली. जाताना पट्टी माझ्या हातात ठेवली, म्हणाली, मला घरात नको.

ही बघा, पाकिटातच असते. नऊ वर्षं झाली, शाईचे आकडे उडून गेले. आसपासची शेवटची कोळशाची खाणही त्या रात्रीच्या आधीच बंद झालेली.

त्या अंगठ्याच्या ठशाला हात लावू नका.

अजून ओला आहे. बोटाला काळं लागतं.